समुद्र न ओलांडता

26 नोव्हेंबरची संध्याकाळ. सीताबर्डी इंटरचेंजला तुम्ही मेट्रोतून उतरता. काचेपलीकडे टेकडी, टेकडीवर किल्ला, आणि खाली मेन रोडवर नागपूरकरांची नेहमीची बर्डी: मोज्यांचे ढीग, मोबाइलची कव्हरं, संत्र्यांच्या हातगाड्या, आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या स्कूटी. खांबावर संविधान दिनाचा फ्लेक्स आहे. सकाळी शाळा-कचेऱ्यांत उद्देशिका वाचून झालेली आहे.

तुमच्या कानाला फोन आहे. मागच्या गल्लीत ‘खोली भाड्याने देणे’ अशी पाटी बघून तुम्ही नंबर फिरवलाय. पलीकडचा आवाज सभ्य आहे. नोकरी कुठे, माणसं किती, मांस-मच्छी करता का, असं सगळं विचारून होतं. मग तो जरा थांबतो.

“आणि आडनाव काय म्हणालात?”

तुम्ही ते म्हणालेलेच नसता. उत्तरासाठी तोंड उघडता, तेवढ्यात सरकत्या जिन्याची पायरी पायाखालून निसटते.

हाताला दगड लागतात. अंधार आहे. तारीख तीच, 26 नोव्हेंबर, पण साल 1817. टेकडीवर किल्ला नाही. दोन उघड्याबोडक्या टेकड्या आहेत, एक मोठी, एक धाकटी. तुमच्या डोक्यावर पोतं आहे. दिवस कलताना रस्त्यावरून कुणीतरी दंडाला धरून तुम्हाला ओढलं आणि चढायला लावलं. याला वेठ म्हणतात. मजुरी नाही, आणि नकार देण्याची रीतच नाही. खालच्या झोपड्यांतून गोळीबार सुरू होतो. भोसल्यांचे अरब शिपाई एका अंगाला, कंपनीच्या मद्रासी पलटणी दुसऱ्या अंगाला. तुमचं पोतं कुणाच्या बाजूचं, हे तुम्हाला ठाऊक नाही. ओझ्याला बाजू नसते.

इथे कुणी तुमचं आडनाव विचारत नाही, साधं नावही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निकाल लागतो. आप्पासाहेब भोसल्यांची फौज हटते आणि नागपूरवरचा खरा हुकूम कंपनीच्या रेसिडेंटाकडे जातो. मोठ्या माणसांच्या इतिहासात ही फार मोठी उलथापालथ. तुम्हाला मात्र एवढंच कळतं, की काल ओरडणारा एका भाषेत ओरडत होता, आज दुसऱ्या. मिसर देशातल्या इस्राएल लोकांची एक जुनी गोष्ट आहे. त्यांच्याकडून वेठीने विटा पाडून घेत. त्यांनी सुट्टी मागितली तर फारोने पेंढा देणं बंद केलं आणि विटांचा रोजचा आकडा तोच ठेवला. ही गोष्ट तुम्ही अजून ऐकलेली नाही, पण तुमच्या मानेला ती पाठ आहे.

पोतं उतरवायला तुम्ही वाकता. ताठ उभे राहता तेव्हा उतारावर वस्ती दिसते.

*

शनिवार, 13 ऑक्टोबर 1956. बर्डीवर आज पांढरा रंग आहे. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. कापडाच्या दुकानांसमोर गर्दी, आणि आतून दुकानदार हात हलवतोय: पांढरं संपलं. उद्या दसरा. रेल्वेने, बैलगाडीने, आणि त्याहून कितीतरी जास्त पायी, माणसं येऊन राहिली आहेत. कुणी भंडाऱ्याकडून, कुणी उमरेडकडून, कुणी वऱ्हाडातून. नागपूर अजून एकोणीस दिवस मध्य प्रदेशाची राजधानी आहे. 1 नोव्हेंबरला राज्यं नव्याने आखली जातील आणि हे शहर द्विभाषिक मुंबई राज्यात जाईल. पण आज रस्त्यावर त्याची चर्चा नाही. आज सगळ्यांची नजर श्याम हॉटेलाकडे आहे. बाबासाहेब तिथे उतरले आहेत. उद्या बौद्ध धम्माची दीक्षा.

समोर चहाची टपरी. तुम्ही बाकावर टेकता. टपरीच्या लाकडी खांबाला, बाहेरच्या अंगाने, एक खिळा आहे. खिळ्याखाली लाकडावर गोल काळपट डाग. इथे वर्षानुवर्षं एक वेगळा कप टांगलेला असणार. 1 जून 1955 पासून अस्पृश्यता पाळणं शिक्षेला पात्र झालं. कायदा आला, कप उतरला. खिळा कुणी उपटला नाही.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला रेल्वेचा एक तिकीट तपासनीस बसलाय. काळा कोट घडी करून मांडीवर.

“अहो पाहुणे, चहा सांगा तुम्ही. मी थांबतो जरा.”

“कुणाची वाट बघताय?”

“ताऱ्यांची. तीन तारे दिसले की शनिवार संपतो आमचा. तोवर पैशाला हात नाही, विस्तवाला हात नाही. आज ड्यूटी बदलून घेतली.”

तो अलिबागेकडचा. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. आजोबांचा घाणा होता. कोकणात त्यांच्या जातीला ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद.

“बैलाला पण सुट्टी,” तो सांगतो. “धर्मशास्त्रात नाव घेऊन लिहिलंय. तू, तुझा गडी, तुझी मोलकरीण, तुझा बैल, तुझ्या दारातला उपरा, सगळ्यांनी थांबायचं. का? तर तू मिसरात गुलाम होतास हे विसरू नकोस.”

तुम्हाला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी मागितलेली रविवारची सुट्टी 10 जून 1890 ला मिळाली. समोरच्या हॉटेलात असलेला माणूस व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होता. त्या कारकिर्दीतल्या सुधारणांतून 1946 साली कारखान्यांतला आठवडा 48 तासांवर आला. थांबण्याचा हक्क ही स्वातंत्र्याची पहिली खूण, हे त्या घाण्याच्या बैलालाही कळत असावं.

तिकीट तपासणारा हा बाबू पिशवीतून एक पुस्तक काढतो. कडा कुरतडलेल्या. हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. हगादा, छपाई पुण्याची, साल 1874. एका चित्रात साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी लाटतायत.

“पेसाच्या रात्री वाचतो. आमच्या बायका त्याला अनाशी ढाकाचा सण म्हणतात. आंबट चटणीची बरणी झाकून ठेवायची ते दिवस. घरातल्या धाकट्याने विचारायचं, आजच्या रात्रीत वेगळं काय. मग बापाने सांगायचं, आपण फारोचे गुलाम होतो. पण एक अट आहे. पूर्वजांची गोष्ट म्हणून नाही सांगायची. दर पिढीत दर माणसाने असं समजायचं, की मिसरातून मी स्वतः निघालो.”

तुम्ही मान चोळता. पोत्याचा वळ अजून दुखतोय.

*

एक म्हातारी बाकाशी येऊन थांबते. पांढरं लुगडं नवं आहे, पाय धुळीने भरलेले. हातात स्वतःचा लोटा. तुम्ही सरकून जागा करता. ती आधी टपरीवाल्याकडे बघते, मग खिळ्याकडे, मग बसते.

“पुढी माणसं लय हायेत. हॉटेलाजवळ जाऊच देऊन नाई राह्यले. तुमी काय वाचून राह्यले साहेब?”

बाबू तिला मोशेची गोष्ट सांगतो. त्यांच्यात पेटी-टाळांवर मोशेची मराठी कीर्तनं होत, त्यामुळे त्याला लय सापडलेली आहे. समुद्र दुभंगला तिथे तो हात फाकवतो. म्हातारी ऐकत असते.

“मंग? पल्याड गेल्यावर सुखी झाले?”

“कुरकुर करायला लागले. म्हणे, मिसरात काकड्या होत्या, खरबुजं होती, कांदा-लसूण होता. इथे वाळवंटात काय आहे?”

म्हातारी बोळक्या तोंडाने हसते. “आमच्या गावातबी हायेत तसे. पाटलाकडचं शिळं कोरान्न बंद होईन म्हणून भेतेत.”

ती हसते, पण तुम्ही हसत नाही. गुलामीलाही एक पोटभर आठवण असते, हे तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं.

“बाबासाहेबांना ही गोष्ट माहीत आहे,” बाबू म्हणतो. “1941 साली मोशेवर त्यांनी इंग्रजीत लेख लिहिला होता. दलितांसाठी झटणाऱ्याला ही गोष्ट बळ देते, असा त्याचा मथितार्थ.”

“त्याईचा समुद्र फाटला,” म्हातारी म्हणते. “आपला कुठी फाटन लेकरा? मले तं उद्या दीक्षा घेऊन परत त्याच गावात जाणं हाये. तीच हीर, तोच पाटील.”

बाबू गप्प होतो. तिने त्याच्या पोथीतल्या एका कोऱ्या जागेवर बोट ठेवलंय. मोशेने आपली माणसं देशाबाहेर काढली. पुढे ज्या देशाचं वचन होतं तिथे आधीच दुसरी माणसं राहत होती, आणि त्यांचं काय झालं हेही त्याच ग्रंथात लिहिलेलं आहे. श्याम हॉटेलातला माणूस कुणालाच कुठे नेत नाही. गाव तेच ठेवायचं, विहीर तीच, आणि त्यातून मिसर तेवढा काढून टाकायचा. हे समुद्र दुभंगण्यापेक्षा अवघड आहे.

“आणि खरं सांगू का आजी,” बाबू आवाज खाली आणतो. “आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग. गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करायची नाही, जुन्या काळी पंगतही वेगळी. वर्षातून एकदा म्हणायचं आपण गुलाम होतो, आणि उरलेलं वर्ष हे.”

म्हातारी काही बोलत नाही. लोट्यातलं पाणी पिते आणि लोटा त्याच्यापुढे धरते. बाबू क्षणभर बघतो. मग ओंजळ न करता लोटाच घेतो आणि वरून पितो.

*

श्याम हॉटेलातून पत्रकार बाहेर येतात. तुमच्या कानावर तुकडे पडतात. हीनयान-महायानाच्या वादात आपल्या माणसांना पाडायचं नाही, बुद्धाने स्वतः सांगितलेलं तेवढं घ्यायचं, असं बाबासाहेब म्हणाले. देशाला कमीत कमी धक्का लागेल असा मार्ग निवडीन, असं पूर्वी गांधींना सांगितलं होतं आणि तोच निवडलाय, असंही म्हणाले. एक जण वही मिटतो. “सवलती जातील त्याचं काय, हे विचारलं तर चिडले.”

टपरीवर वर्तमानपत्र पडलंय. सुएझचा वाद. नासरने जुलैत कालवा ताब्यात घेतला, त्यावरून रणं पेटायच्या बेतात. तुम्हाला पुढचं माहीत आहे, बाबूला नाही: 29 ऑक्टोबरला इस्राएलचे रणगाडे सिनाईत शिरतील. ज्या वाळवंटात गुलामांना कायदा मिळाल्याची गोष्ट आहे, तिथेच एका नव्या राष्ट्राची फौज.

“आपलं राज्य झालंय म्हणून माझा भाऊ बीरशेबाला गेला,” बाबू म्हणतो. “बावन्न साली परत आला. आमची बरीच माणसं तिकडे धरणं धरून बसली, आम्हाला हिंदुस्थानात पोचवा म्हणून. रंगावरून वागवतात म्हणे. मी अजून ठरवत नाही.”

“राज्य आपलं झालं की स्वातंत्र्य येत नाही का?”

तो पुस्तक मिटतो. “आमच्या शास्त्राचा राजावर फार विश्वास नाही. लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेलाने बजावलं, तो तुमची पोरं रथापुढे पळवील, तुमची शेतं चाकरांना वाटील. आणि राजा केलाच, तर त्याने घोडे साठवायचे नाहीत, सोनं साठवायचं नाही. धर्मशास्त्राची एक प्रत करून घ्यायची आणि ती जन्मभर वाचायची. भावांपेक्षा स्वतःला मोठं समजू नये म्हणून.”

तुम्हाला दिल्लीतली ती मूळ प्रत आठवते. प्रेम बिहारी नारायण रायजादांनी आपल्या वळणदार हाताने लिहिलेलं भारताचं संविधान. त्याची सुरुवातच ‘आम्ही’ने होते. म्हणजे इथे राजा आपणच. मग प्रत वाचत राहण्याची सक्तीही आपल्यावरच.

“आणि योबेल,” बाबू म्हणतो. “सात सत्ते एकोणपन्नास. पन्नासाव्या वर्षी एडक्याचं शिंग फुंकायचं आणि देशभर मोकळीक पुकारायची. तिला ‘दरोर’ असा शब्द आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या घंटेवर लेवीयाच्या पुस्तकातलं तेच वाक्य कोरलंय.”

“ऐकलंय.”

“पण अर्धंच कोरलंय. पुढे लिहिलंय की ज्याची जमीन गेली असेल त्याने आपल्या वतनावर परत यायचं, आपल्या माणसांत परत यायचं. ते घंटेवर नाही.”

तुम्ही थबकता. मोकळीक एवढाच शब्द कोरला तर ती घंटा गुलाम पाळणाऱ्या देशातही वाजत राहते, आणि वाजत राहिलीच. जमीन परत म्हटलं की वाजवणाऱ्याचा हात अडतो. योबेलच्या त्याच अध्यायात परक्या गुलामांना जन्मभर ठेवायची मुभाही आहे. म्हणजे पोथीचा हातही कुठेतरी अडलाच. समोरच्या हॉटेलातल्या माणसाने 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून कसणाऱ्यांना सामूहिकपणे द्यावी असं मांडलं होतं. ते संविधानात आलं नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत त्यांनी इशारा दिला: राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता, हा विरोध फार दिवस चालवला तर ही लोकशाही उद्ध्वस्त होईल.

“दिसला,” म्हातारी बोट वर करते. टेकडीच्या माथ्यावर तारा. मग दुसरा. तिसऱ्याला जरा वेळ लागतो. बाबू खिशात हात घालतो आणि तीन चहांचे पैसे फळीवर ठेवतो.

*

रविवारची सकाळ. बर्डीवरून लोंढा निघालाय, व्हॅक्सीन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानाकडे. तुम्ही त्यात आहात. लाखोंची गर्दी, आणि चेंगराचेंगरी नाही. कुशीनाऱ्याचे वृद्ध भदंत चंद्रमणी दीक्षा देतात. बाबासाहेबांच्या हातात काठी आहे. पांढऱ्या कपड्यांत ते थकलेले दिसतात. आवाज मात्र खणखणीत. आधी ते स्वतः त्रिशरण-पंचशील घेतात. मग गर्दीकडे वळतात. बावीस प्रतिज्ञा. ते एक म्हणतात, मैदान ती परत म्हणतं. सर्व माणसं समान मानण्याची प्रतिज्ञा येते, समतेसाठी झटण्याची येते. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती नियोगीही दीक्षा घेणाऱ्यांत आहेत. तुमच्या शेजारी म्हातारी आहे. तिचे शब्द मागेपुढे होतात, पण एकही सुटत नाही.

इथे तुम्हाला एक गोष्ट उमगते, जी काल टपरीवर सुचली नव्हती. मोशेच्या गोष्टीत आधी सुटका होते, मग सिनाईवर कायदा मिळतो. इथे क्रम उलटा आहे. कायदा 26 जानेवारी 1950 ला अमलात आला. ज्याने तो लिहिण्यात हाडं झिजवली, त्याने त्यानंतर साडेसहा वर्षांहून जास्त वाट बघितली, आणि मग आपल्या माणसांना घेऊन तो बाहेर पडला. कारण कायद्याने कप उतरतो. खिळा ठोकलेला असतो लाकडात, आणि लाकूड असतं मनाचं. त्यासाठी माणसाला स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत, मोठ्याने काहीतरी म्हणावं लागतं. सिनाईच्या पायथ्याशी लोकांनी एका आवाजात होकार दिला, असं पोथी म्हणते. लोकशाहीत हा होकार मतपेटीत टाकला की काम संपलं असं आपण धरून चालतो. या मैदानात तो घसा फुटेपर्यंत दिला जातोय.

त्रेपन्न दिवसांनी, 6 डिसेंबरला, दिल्लीत बाबासाहेब जातील. तुम्हाला ते सांगता येत नाही. म्हातारी डोळे पुसून विचारते, “झाली ना वो दीक्षा?” तुम्ही म्हणता, झाली. ती गावाच्या वाटेला लागते. तीच विहीर, तोच पाटील.

*

परतताना बर्डीच्या चढावर वर्षं पायऱ्यांसारखी येतात. 3 ऑक्टोबर 1957, नागपूर, रिपब्लिकन पक्षाची स्थापना. 1959, दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने भूमिहीनांचा सत्याग्रह. मग 1964. टपरीवाला तुमच्या हातात एक विमानपत्र देतो. अक्षर वळणदार मराठी.

बाबू शेवटी इस्राएलला गेला तर. तिकडे लग्न नोंदवायला गेलेल्या बेने इस्राएल जोडप्यांना धर्मपीठाने आयांची, आज्यांची वंशावळ विचारायला सुरुवात केली, शुद्ध ज्यू आहात की नाही म्हणून. उन्हाळाभर माणसं जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसली. बायकापोरांसकट, मराठीत भजनं म्हणत. ऑगस्टमध्ये सरकार आणि संसद मध्ये पडली. बेने इस्राएल सर्व बाबतीत ज्यू आहेत असं मान्य झालं. पत्राच्या शेवटी लिहिलंय: ‘वचनाच्या देशातही बसकण मारल्याशिवाय जागा मिळत नाही. ते आजी भेटल्या तर सांगा.’

आजी भेटत नाही. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्रातले भूमिहीन पुन्हा सत्याग्रहाला उभे राहतात आणि तुरुंग भरतात. घंटेवर न कोरलेलं अर्धं वाक्य मागायला. त्या रांगांत पांढऱ्या लुगड्यांच्या पुष्कळ म्हाताऱ्या आहेत.

शेवटची पायरी सरकती आहे.

*

26 नोव्हेंबर, संध्याकाळ. मोज्यांचे ढीग, संत्री, स्कूटी. थोड्याच दिवसांत हिवाळी अधिवेशन, मग विधानभवनावर निघालेले मोर्चे बर्डीच्याच आसपास अडवले जातील. चौकातल्या टपरीवर सगळ्यांना सारखे कागदी कप. तुमचा हात नकळत खांबाकडे जातो. मागच्या अंगाला एक गंजलेला खिळा आहे. त्याला टपरीवाल्याने मोबाइलच्या चार्जरची वायर गुंडाळून ठेवलीय.

वर बघता. विजेच्या उजेडात एकही तारा दिसत नाही.

“हॅलो? ऐकू येतंय का?” फोन अजून चालू आहे. “आडनाव विचारलं मी.”

तुमच्या मानेला वळ आहे. तो 1817 चा, की कुठल्या विटांच्या भट्टीवरचा, सांगता येणार नाही.

“नाव सांगितलंय,” तुम्ही म्हणता. “खोली बघायला किती वाजता यायचं?”

पलीकडे शांतता. पंखा फिरल्याचा आवाज येतो. तुम्ही फोन ठेवत नाही. बाकावर बसता, आणि वाट बघता.